धुराच्या जोडीचा घोट

वाळू पगारे नेमकं काय काम करतो, हे त्याच्या सातपूरच्या कॉलनीत धड कुणालाच सांगता यायचं नाही. "दिंडोरीकडं हॉटेलात आहे," म्हणायचे आणि विषय सोडून द्यायचे. खुद्द वाळूला विचारलं तर तोही "सर्व्हिसला आहे," एवढंच बोलून पुढं सटकायचा. आता माणसानं सांगावं तरी कसं? की बाबांनो, कुठल्या चिरुटाबरोबर कुठली दारू बरी लागते हे ठरवायचा मला पगार मिळतो! लोक हसले तरी असते, नाहीतर त्याच्या अंगावर तरी आले असते.

पण काम तेच होतं आणि वाळू त्यात पक्का होता. दिंडोरी रस्त्याला द्राक्षबागांच्या मधोमध एक रिसॉर्ट आहे. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी तिथं येतात, टोपलीभर द्राक्षं पायानं तुडवतात, त्याचे फोटो काढतात आणि आपण शेती केली असं समजून परत जातात. त्या रिसॉर्टच्या वरच्या मजल्यावर मालकानं एक खास खोली केली होती. आत चामड्याच्या खुर्च्या, भिंतीला काचेचं कपाट आणि कपाटात ओलावा धरून ठेवणाऱ्या पेट्यांमध्ये ओळीनं निजवलेले चिरूट. पाईप ओढणाऱ्यांसाठी बरण्यांतून वेगळी तंबाखू. सगळे तिला लाउंज म्हणायचे, वाळू मनातल्या मनात धुराची खोली म्हणायचा.

तो लागला होता टेबलं पुसायला. खोली नवी झाली तेव्हा मालकानं सगळ्या पोरांना रांगेत उभं करून विचारलं, तंबाखूचा वास कुणाला सोसतो? बाकीच्यांनी नाकं मुरडली. वाळू म्हणाला, "साहेब, मी तंबाखूतच वाढलोय." झालं, त्याची नेमणूक झाली.

त्यात खोटं काही नव्हतं. त्याची आई मालनबाई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा ढीग, बाजूला कात्रीनं कापलेली पानं. वाळू त्या सुपाच्या शेजारीच रांगला, तिथंच निजला. बाप पुंजाराम दारूत बुडाला आणि दारूतच संपला. त्याच्या मागं मालनबाईनं विड्यांवर पोराला मोठं केलं, नाशिकला आणलं, त्याचं लग्न केलं. हजारो माणसांच्या ओठांत तिनं विडी दिली असेल, पण स्वतः कधी एक झुरका मारला नाही, मिसरीला बोट लावलं नाही. आणि दारूचं तर नावच काढू नका. पुंजाराम गेल्यापासून त्या घराच्या उंबऱ्याआत एक थेंब आला नव्हता.

अशा बाईचा पोरगा गोव्याच्या एका बारवाल्याकडून धुराच्या जोडीचे घोट शिकला. बारवाला रिसॉर्टात होता वर्षभरच, पण शिकवलं त्यानं मन लावून. काळपट पानाचा दणकट चिरूट असेल तर जुनी, गोडसर रम द्यायची. फिकट पानाचा हलका चिरूट असेल तर घोटही हलकाच हवा, नाहीतर बिचाऱ्या चिरुटाची चवच मरते. लाकडाच्या धुरावर वाळवलेली तंबाखू पाईपात भरली असेल तर तसल्याच धुरकट वासाची व्हिस्की. व्हॅनिलाचा वास लावलेली तंबाखू असेल तर ब्रँडी. आणि लाल वाइन? रिसॉर्टची स्वतःची लाल वाइन, मालकाचा जीव की प्राण. पण दणकट चिरुटावर ती घेतली की तोंड असं कोरडंठाक आणि कडू पडतं की विचारू नका. मग वाळूनं तिथंच बनणारी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन पुढं केली. मालकही खूश, पाहुणाही खूश.

"नवरा-बायकोसारखं असतं ते," वाळू नव्या पोरांना सांगायचा. "एक तापट असेल तर दुसऱ्यानं गोड व्हायचं. दोघं तापले की संसार बोंबलला."

आणि हे सगळं तो चाखायचा कसं? थुंकून! घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि शेजारच्या स्टीलच्या बादलीत थुंकायचा. वाइनवाले सगळेच तसं करतात, त्यात नवल काही नाही. पण वाळूचं थुंकणं वेगळं होतं. बाकीचे शुद्धीवर राहण्यासाठी थुंकायचे, वाळू शील सांभाळायला थुंकायचा. थुंकून झालं की दोनदा चुळा भरायचा. पोटात थेंब जाऊ दिला नाही, ह्याचा त्याला केवढा अभिमान! घरी सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती त्याच्याकडं.

मालनबाईनं त्याला एकदा विचारलं होतं, "तोंडात घेतलेली थुकली म्हंजी शील मोडत नाय व्हय रं?"

"पोटात जात नाही ना आई."

"बरं," म्हणाली ती. पटलं म्हणून नाही. पोराची भाकरी तिथं होती म्हणून.

मालनबाईला हे विचारायचा हक्क होता, कारण कॉलनीच्या विहारात पंचशील सांगायला तीच पुढं बसायची. दर पौर्णिमेला वंदना व्हायची. मूर्तीपुढं मेणबत्त्या लागायच्या, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मालनबाई पांढरं लुगडं नेसून पुढं बसणार, खणखणीत आवाजात एकेक शील म्हणणार आणि सगळी कॉलनी तिच्या मागून म्हणणार. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई ती! आणि तिच्या मागून म्हणणारे कोण, तर रिटायर झालेले मास्तर, एलआयसीतले साहेब, कारखान्यातले फोरमन. भन्तेजी आले तरी म्हणायचे, मालनबाईंनीच सांगू द्या. ही जागा तिला कुणी दयेनं दिली नव्हती. जे तोंडानं म्हणते तेच ही बाई पाळते, हे कॉलनीला ठाऊक होतं, म्हणून दिली होती. आयुष्यात तिनं दुसरं काही कमावलं असेल-नसेल, हे एवढं कमावलं होतं.

आणि त्यावरच पोरानं पाय दिला.

झालं असं. मालकाची मुलगी तेजल बाहेरदेशी शिकून आली आणि लाउंज तिच्या ताब्यात गेलं. पोरगी वाईट नव्हती हो, उलट गोड होती. "वाळूकाका, वाळूकाका" करायची, त्याला खुर्ची द्यायची, त्याचं ऐकून घ्यायची. लाउंजला आता एक प्रमुख नेमायचा होता. मुंबईचा कुणी शिकलेला आणायचा की वाळूलाच नेमायचं, ह्यावर बापलेकीचं चाललं होतं. तेजल मॅडम वाळूच्या बाजूनं होत्या. वाळूचा जीव टांगणीला लागला होता. इतकी वर्षं धूर खाल्ला, आणि आता उद्या येणाऱ्या कुणाला तरी "यस सर" म्हणायचं?

त्यातच एक दिवस पाईप ओढणारे एक पाहुणे तक्रार करायला लागले. सारखा पाईप ओढला की जीभ चुरचुरते, वर व्हिस्की घेतली की आणखी भाजल्यासारखी होते. वाळू आत गेला आणि कोरा गुळाचा चहा करून घेऊन आला. दूध नाही, आलं नाही, नुसता दाट, काळा, गुळाचा. पाहुण्यांची जीभ शांत झाली. ते तोंडभरून कौतुक करत गेले.

"काका, हे तुम्हाला कुठून सुचलं?" तेजल मॅडमनी विचारलं.

इथं वाळूनं गप्प बसायला हवं होतं. "सुचलं असंच," म्हणाला असता तर काय बिघडत होतं? पण कौतुकानं माणूस पाघळतो. वाळू पाघळला. "माझी आई विड्या वळायची, मॅडम. तिथल्या सगळ्या बाया असाच चहा प्यायच्या. तंबाखूची भुकटी घशात बसते ना, ती ह्यानं उतरते."

तेजल मॅडमचे डोळे असे लकाकले की विचारू नका. "आई आहेत अजून? विड्या वळतील? काका, त्यांना आणा ना इथं!"

आठवड्याभरात कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी निवडक पाहुणे येणार. मालनबाई त्यांच्यासमोर विड्या वळणार, पाहुणे त्या ताज्या विड्या ओढणार आणि सोबतीला गुळाचा चहा. पण नुसता चहा प्यायला मुंबईहून कोण येतंय? चहात रम हवी. कुठली रम, किती घालायची, हे ठरवायचं काम अर्थातच वाळूचं. त्यानं ते चोख केलं. कपाटातल्या सगळ्या बाटल्या काढल्या, चहात घालघालून चाखल्या, बादलीत थुंकल्या. गुळाला गुळासारखीच लागणारी एक रम सापडली. चहात ती अशी बेमालूम मिसळायची की वास सोडला तर पत्ता लागू नये. वाळूला स्वतःचाच अभिमान वाटला. आपण हे कुणासाठी करतोय, आपली आई त्याच चहाच्या शेजारी बसणार आहे, हे त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नसेल का? आलं होतं. त्यानं ते बाजूला सारलं.

घरी विषय काढला तेव्हा मालनबाई साफ नाही म्हणाली. "मी आता तंबाखूला हात लावीत नाय. खोकला उठतो."

"आई, सन्मान आहे तुझा. शाल देणारेत. मोठमोठे लोक येणारेत तुझं काम बघायला."

"माझं काम? त्यात बघन्यासारखं काय हाय?"

"तेच तर! आजवर कुणी बघितलं नाही ना."

वाळूची बायको शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला राहवलं नाही. "आईंना कशाला नेताय तिथं? बसवणार आणि फोटो काढणार. सर्कस आहे का?"

"तुला काय कळतं त्यातलं?" वाळू खेकसला. शुभांगी आत निघून गेली.

मालनबाईनं एवढंच विचारलं, "तिथं दारू असती ना रं?"

"असते. पण तुझ्या आसपास फिरकणार नाही. माझा शब्द."

"अन् तुझ्या त्या नोकरीचं?"

"कार्यक्रम चांगला झाला तर होईल, आई."

ह्यावर कुठली आई नाही म्हणेल? ती तयार झाली. सन्मान आहे म्हणून पौर्णिमेचं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली. शुभांगीनं तिचे केस विंचरून दिले. रिसॉर्टची गाडी दारात आली तेव्हा सगळी कॉलनी बघायला उभी होती, आणि मालनबाई सगळ्यांना "जय भीम, जय भीम" करत नवऱ्या मुलीसारखी लाजत गाडीत बसली.

लाउंजमध्ये तिच्यासाठी एका कोपऱ्यात चौथरा केला होता. त्याला शेणानं सारवल्यासारखा रंग दिला होता, वर कंदील टांगला होता, मागं मक्याची कणसं लावली होती. सिन्नरला ती पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली, शहाबादी फरशीवर बसून विड्या वळायची. तिनं कणसांकडं पाहिलं, वाळूकडं पाहिलं आणि बसली.

हात विसरले नव्हते. सूप मांडीवर आलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. पान कापलं, तंबाखू भरली, गुंडाळी केली, टोक मुडपलं, दोरा आवळला. पाहुण्यांनी "वा! वा!" केलं. एक बाई म्हणाली, किती क्यूट! मालनबाईला शब्द कळला नाही, पण सूर चांगला होता म्हणून ती हसली. तिला खोकला येत होता, तो ती पदरात दाबत होती. पाहुणे तिच्या विड्या पेटवून चहाचे कप हातात धरून फिरत होते. वाळू काउंटरमागं उभा राहून समजावून सांगत होता. आधी झुरका घ्या, मग घोट, धूर जिभेवर असतानाच चहा येऊ द्या. सगळं छान चाललं होतं. तेजल मॅडमनी लांबून त्याला अंगठा दाखवला.

पाहुण्यांमध्ये पुण्याचे एक वयस्क गृहस्थ होते. पांढरी दाढी, तोंडात पाईप, बोलणं मऊ. बाकीचे उभे राहून फोटो काढत होते, हे मात्र खाली मांडी घालून मालनबाईच्या शेजारी बसले. तिला गाव विचारलं, मुलं किती विचारलं, खोकला कशानं झाला ते विचारलं. मालनबाई खुलली. इतकं कुणी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की बाईंच्या हातात चहा नाही.

"अहो, तुमचाच चहा आणि तुम्हालाच नाही?" असं म्हणून त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "घ्या मालनताई. माझी आई आणि मी असाच अर्धा-अर्धा घ्यायचो."

आता ही बशी म्हणजे काय होती, ते त्या खोलीत फक्त दोघांना कळलं. मालनबाईच्या लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्या लोकांचे कप बाहेर खुंटीला वेगळे टांगलेले असायचे. आपला कप आपण काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, कप आपणच विसळून परत टांगायचा. हे तिनं वाळूला किती वेळा सांगितलं होतं! आणि आज एक मोठा माणूस तिच्या शेजारी जमिनीवर बसून स्वतःच्या कपातला, स्वतःचा उष्टा चहा तिला अर्धा देत होता. मालनबाईचे डोळे भरून आले. तिनं बशी घेतली.

वाळू समोरच होता. त्याला सगळं दिसत होतं. "साहेब, आई ते घेत नाही," एवढंच म्हणायचं होतं. एवढंच! पण तेजल मॅडम मोबाइल धरून शूटिंग करत होत्या, मागं मालक उभे होते. बोललो तर पाहुणे ओशाळतील, कार्यक्रमाचा विचका होईल, आणि आपली जागा? वाळू काउंटरवरचे कप सरळ करत राहिला. शिवाय मनानं पळवाट काढली, की रम बेमालूम आहे, आईला कळणारही नाही. अरे गाढवा, पुंजारामच्या बायकोला दारू कळणार नाही?

बशी ओठांपाशी आली तेव्हा तंबाखूच्या वासात तिला काही कळलं नाही. पहिला घोट तोंडात गेला आणि ती थांबली. गाल भरलेले, बशी हातात. तिनं मान वर केली आणि थेट वाळूकडं पाहिलं. त्याच्या कोपराशी ती स्टीलची बादली होती, ज्यात तो रोज थुंकायचा. मालनबाईनं बादलीकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. ती विचारत होती. लहान लेकरू विचारतं तसं विचारत होती.

वाळूनं किंचित मान हलवली. गिळ म्हणून.

तिनं गिळलं.

मग तिनं उरलेली बशीही संपवली, कारण कुणी मानानं दिलेला चहा अर्धा टाकायचा नसतो. बशी पुसून परत देताना ती त्या गृहस्थांना म्हणाली, "लय ग्वाड झालाय." टाळ्या वाजल्या. तिला शाल दिली गेली. नंतर मालकांनी वाळूच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून लाउंजचे प्रमुख आपले वाळूजी. पुन्हा टाळ्या वाजल्या.

परतीच्या गाडीत मालनबाई खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. वाळूला वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात, रडावं, काहीतरी करावं.

"आई, थोडीशीच होती गं. चमचाभर."

गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "तू तं रोज थुकतो ना रं? मंग मला का नाय थुकू दिली?"

"चारचौघांत कसं वाटलं असतं, आई..."

"हां," म्हणाली ती. "चारचौघांत." घर आलं. शुभांगीनं दार उघडलं, सासूचं तोंड बघितलं आणि तिच्या हातातली शाल घेतली. ती घडी घालून कपाटात ठेवली.

पौर्णिमा आली. वाळूला वाटलं, आई बरं नाही म्हणून सांगेल, विहारात जाणार नाही. पण मालनबाई नेहमीसारखी तयार झाली. पांढरं लुगडं धुऊन ठेवलं होतं, तेच नेसली. विहार भरलं होतं. मालनबाई पुढं बसली, त्रिसरण झालं आणि तिनं शीलं सांगायला सुरुवात केली. पहिलं, जीव न घेण्याचं. दुसरं, चोरी न करण्याचं. तिसरं, वाईट वागण्यापासून दूर राहण्याचं. चौथं, खोटं न बोलण्याचं. आवाज तसाच खणखणीत. सगळी कॉलनी मागून म्हणत होती. आणि चौथं संपल्यावर ती थांबली.

पाचवं असतं दारूपासून, नशेपासून दूर राहण्याचं.

मालनबाई हात जोडून, डोळे मिटून बसली होती. ओठ घट्ट. लोक वाट बघत होते. कुणीतरी खाकरलं. एक पोर रडायला लागलं, त्याला आईनं दाबलं. आता ही बोलणार, सगळ्यांसमोर सांगणार, असं त्याला वाटलं आणि काय होतंय ते कळायच्या आत त्याच्याच तोंडातून पाचवं शील बाहेर पडलं. मोठ्यानं, न अडखळता, वर्षानुवर्षं म्हटलेलं. लोकांना सुटल्यासारखं झालं, सगळे त्याच्या मागून म्हणाले आणि वंदना पुढं सरकली.

बाहेर चपला घालताना शेजारची सुलाबाई काळजीनं जवळ आली. तशी ती भली बाई, मालनबाईच्या मागंच बसायची. "काय झालं हो आत्या? अडकलात काय?"

मालनबाईनं तोंड उघडलं. वाळू मध्येच बोलला. "वय झालं ना मावशी. विसरते आजकाल. परवा गॅसही चालूच ठेवला होता."

गॅसचं तर धडधडीत खोटं होतं. कशाला जोडलं त्यानं ते, कुणास ठाऊक. खोटं एकटं फिरायला भितं, म्हणून जोडलं असेल. सुलाबाईनं मालनबाईकडं पाहिलं. चार बायाही थांबल्या होत्या, त्यांनीही पाहिलं. मालनबाई तिथं खरं सांगू शकत होती. पोराचं नाव कॉलनीत मातीत गेलं असतं, आणि तिचं राहिलं असतं.

तिनं वाळूकडं पाहिलंसुद्धा नाही. "हां बाई," म्हणाली. "इसरते मी."

चार दिवसांनी विहाराच्या कमिटीची माणसं घरी आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, मालनबाईंना आता त्रास नको, वयोमान आहे, पुढच्या वेळेपासून सुलाबाई शीलं सांगतील. वाळूनं "बरोबर आहे," म्हटलं. ह्याशिवाय तो म्हणणार तरी काय होता? मालनबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिनं मान डोलावली आणि त्यांना आणखी चहा हवा का म्हणून विचारलं.

वाळू आता लाउंजचा प्रमुख आहे. छातीवर त्याच्या नावाची पितळी पट्टी असते. मालनबाईचा तो चहा तिथं चांगला खपतो, तिच्या नावानंच. कुणी पाहुणा विचारतोच, आजी आता येत नाहीत का? वाळू सांगतो, वय झालं, विसरतात.

पुढच्या पौर्णिमेला सुलाबाई पुढं बसली. मालनबाई मागच्या रांगेत, भिंतीशी. पुरुषांच्या बाजूनं वाळूला तिचं तोंड नीट दिसत होतं. पहिलं शील तिनं म्हटलं. दुसरं म्हटलं, तिसरंही म्हटलं. आता पाचव्याला ओठ मिटतील, एवढं वाळूनं मनाशी धरलं होतं.

ती चौथ्यालाच थांबली, खोटं न बोलण्याच्या. पाचव्यासारखं तेही त्याच्यासाठीच गेलं होतं. वाळू मान खाली घालून पाचही म्हणाला.